आखूड शब्दांची पूर्ण रूपेही छापा

मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात बेळगावच्या टिळकवाडीतील एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले होते. हल्लीची मुले 'ब्रो', 'सस', 'ओएमजी' असले तोडके शब्द वापरून इंग्रजीही बिघडवतात आणि मराठीही, असा त्यांचा सूर होता. त्यांची कळकळ मला पटली, पण त्यांनी केलेले निदान पटले नाही. मी सदतीस वर्षे तार खात्यात काढली. शब्द कापणे हेच माझे पोटापाण्याचे काम होते. म्हणून लिहायला बसलो आहे. पत्र थोडे लांबेल, पण शक्यतो कापू नये ही विनंती.

निमित्त घरातलेच झाले. माझी नात नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. मागच्या महिन्यात तिला मोबाइलवर लिहिले, "बाळा, क्लासहून येताना गणपत गल्लीतून माझ्या गोळ्या घेऊन ये." उत्तरात एकच अक्षर आले, 'के'. मोर्सच्या आंतरराष्ट्रीय संकेतात, म्हणजे तारेच्या ठिपक्या-रेघांच्या लिपीत, रेघ-ठिपका-रेघ, म्हणजे 'के', याचा अर्थ असतो : माझे संपले, आता तू बोल. मला बरे वाटले. पोरीला आजोबांचे आणखी ऐकायचे आहे असे समजून मी औषधाचे नाव, दुकानाची खूण, सुट्टे पैसे कुठे ठेवले आहेत, सगळे सविस्तर लिहिले. ती घरी आली आणि म्हणाली, "आज्जा, 'के' म्हटलं की विषय संपला. पुढं कशाला लिहिलास?" एकच अक्षर. माझ्यासाठी ते दार उघडणारे होते आणि तिच्यासाठी दार लावणारे.

त्या रात्री आम्ही दोघांनी एक शंभर पानी वही घेतली. उजव्या पानावर तिचे आखूड शब्द, डाव्या पानावर माझे. दोघांनी एकमेकांना अर्थ विचारायचा आणि शब्द कुठून आला ते शोधायचे. गेले चार आठवडे जेवणे झाली की आमचे हेच चालले आहे.

पहिला शब्द अर्थातच 'ओके', कारण तिचा 'के' हा त्याचाच तुकडा. जगभर बोलला जाणारा हा शब्द मुळात तरुणांची थट्टा होती. १८३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील बॉस्टन शहरात वर्तमानपत्रवाल्यांना शब्दांची आद्याक्षरे घेण्याचे वेड लागले होते, आणि तीही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळे बरोबर. त्यातला 'ऑल' त्यांनी 'ओ' घालून लिहिला, 'करेक्ट' 'के' घालून लिहिला आणि त्याचे 'ओ. के.' केले. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापलेले सापडते. त्या काळची तशी बरीच आद्याक्षरे मेली, हे एक जगले. त्याला पुढच्याच वर्षीची निवडणूक कारण झाली. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत, आणि त्यांच्या माणसांनी 'ओ. के.' हीच घोषणा केली. व्हॅन ब्युरेन ती निवडणूक हरले, शब्द मात्र राहिला. हा सगळा माग ॲलन वॉकर रीड नावाच्या भाषाभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रे चाळून काढला. म्हणजे या शब्दाचा जन्मदाखला सापडला तोही वर्तमानपत्रातच, हे संपादकांना आवडावे.

टिळकवाडीच्या वाचकांनी सर्वांत जास्त राग 'ओएमजी'वर काढला आहे. 'ओ माय गॉड' एवढे म्हणायलाही यांना वेळ नाही, असे ते लिहितात. हे अक्षरत्रय सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखनात एका ७६ वर्षांच्या माणसाच्या पत्रात आहे. ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी विन्स्टन चर्चिलना पत्र लिहिले. नवा मानाचा किताब निघणार असल्याचे ऐकतो, असे सांगून त्यांनी त्या किताबाचे नाव 'ओ. एम. जी.' असे लिहिले आणि पुढे कंसात त्याचे पूर्ण रूपही दिले. पहिले महायुद्ध चालू होते, लिहिणारा आरमाराचा मोठा अधिकारी, वाचणारा पुढे पंतप्रधान झालेला माणूस. मी हे नातीला वाचून दाखवले तेव्हा ती उठून बसली. तिला वाटत होते की हा शब्द तिच्या पिढीने केला. मला त्यातला कंस सर्वांत जास्त आवडला. फिशरसाहेबांनी शब्द कापला, पण समोरच्याला पूर्ण रूप हातात दिले. माझे जे म्हणणे आहे ते एवढ्यात आले, तरी पुढे सांगतोच.

अशी तक्रारही नवी नाही. २८ सप्टेंबर १७१० रोजी लंडनच्या 'टॅटलर' या नियतकालिकात जोनाथन स्विफ्ट या मोठ्या लेखकाने संपादकाला उद्देशून असेच एक पत्र लिहिले. लोक शब्दाचे पहिले अवयव तेवढे ठेवतात आणि बाकीचे छाटून टाकतात, 'रेप्युटेशन'चे 'रेप' करतात, 'पॉझिटिव्ह'चे 'पॉझ' करतात, असे त्यांचे दुःख होते. 'मॉब' हा शब्द थांबवण्यासाठी आपण काही वर्षे शक्य ते सारे केले, पण संख्येपुढे हरलो आणि ज्यांनी मदतीचा शब्द दिला त्यांनीच दगा दिला, असे ते लिहितात. 'मॉब' म्हणजे लॅटिनमधले 'मोबिले व्हुल्गुस', चंचल जमाव. त्यातले 'चंचल' तेवढे उरले आणि जमाव गेला. आज 'मॉब' हा शब्द न्यायालयाच्या निकालातही येतो. आणि गंमत अशी की 'मोबिले' म्हणजे हलणारे, म्हणूनच आपल्या खिशातला 'मोबाइल'. तोही 'मोबाइल फोन'चा कापलेला तुकडाच. जमावाला दिलेले नाव आणि फोनला दिलेले नाव, दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या, तोडल्या मात्र वेगवेगळ्या शतकांत.

स्विफ्ट हरले, पण इंग्रजी मेली नाही. टिळकवाडीच्या वाचकांना मी हेच हात जोडून सांगतो.

वहीतले काही शब्द असे निघाले की आम्ही दोघेही थक्क झालो. आपण रोज सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, 'बस' पकडतो. लॅटिन 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. लंडनमध्ये १८२९ साली जॉर्ज शिलिबिअर यांनी घोड्यांची ओम्निबस चालवली, पुढे लोकांनी पुढचा भाग टाकून शेपूट तेवढे ठेवले. आता 'बस' हा मूळ शब्दातला निव्वळ विभक्तीचा प्रत्यय आहे. आपण 'सर्वांना' म्हणावे आणि कुणी त्यातला 'ना' तेवढा उचलून गाडीचे नाव ठेवावे, तसे. 'खानापूरचा ना कितीला आहे?' असे विचारल्यासारखे. नातीला चतुर्थी विभक्ती शाळेत कधी समजली नव्हती, ती या बसने समजली.

बसमधून उतरल्यावर रिक्षा. 'रिक्षा'ही कापलेलाच. जपानी 'जिन-रिकी-शा' म्हणजे माणूस-बळ-गाडी, माणसाने ओढायची गाडी. त्यातला 'जिन', म्हणजे माणूसच, गळाला. पुढे तिला यंत्र लागले, 'ऑटोरिक्षा' झाली. आणि आता आपल्या सीमाभागात कान देऊन ऐका : कन्नड बोलणारा शेजारी तिला 'ऑटो' म्हणतो, आपण 'रिक्षा' म्हणतो. एकाच शब्दाचे पुढचे अर्धे त्याच्याकडे आणि मागचे अर्धे आपल्याकडे. मी जन्मभर या गावात राहिलो आणि हे ध्यानात यायला नववीतल्या मुलीबरोबर वही मांडून बसावे लागले.

नातीच्या उजव्या पानावर 'रिझ' आहे. एखाद्याचे बोलणे-वागणे समोरच्याला भुलवते त्याला मुले 'त्याला रिझ आहे' म्हणतात. 'करिझ्मा'चा मधला तुकडा तेवढा काढून हा शब्द केला आहे, दोन्ही टोके छाटून. ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द म्हणून तोच निवडला. (आपला 'करिश्मा' फारसीतला, इंग्रजी 'करिझ्मा' ग्रीकमधला. ऐकायला भावंडे, गोत्र निराळे.) 'इन्फ्लुएन्झा'चा 'फ्लू' झाला तोही असाच मधून.

'सस'वर आम्ही जास्त थांबलो. संशयास्पद, गडबड वाटणारे, अशा अर्थी मुले तो वापरतात. २०२० मध्ये टाळेबंदीत एका मोबाइलवरच्या खेळामुळे तो जगभर गेला. पण ब्रिटनमध्ये हा शब्द पोलिसांच्या बोलीतला, फार जुना. १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातील एका कलमाखाली निव्वळ संशयावरून कुणालाही रस्त्यात पकडता येई. त्याला लोक 'सस लॉ' म्हणत. १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांवर त्याचा फार जाच झाला, १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल उसळली आणि त्याच वर्षी ते कलम रद्द झाले. हे ऐकल्यावर नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही वर्गात एका पोराला रोज सस म्हणतोय." मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते बंद केले, की नाही, मला ठाऊक नाही. पण शब्दाचे वजन तिच्या हाताला लागले एवढे खरे.

आता माझ्या डाव्या पानाकडे येतो. जागा किंवा पैसा मोजका झाला की शब्द आखडतात. तारेला शब्दागणिक पैसे पडत. १८७९ साली वॉल्टर फिलिप्स नावाच्या अमेरिकी तारवाल्याने वर्तमानपत्रांच्या बातम्या भराभर पाठवता याव्यात म्हणून लघुरूपांचा एक संकेतकोश छापला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला बातम्यांत 'स्कोटस' म्हणतात, तो शब्द त्यातला. राष्ट्राध्यक्षांसाठी 'पोटस' म्हणतात, तोही तारवाल्यांच्याच संकेतांतून आला. आम्ही तारवाले एकमेकांशी बोलताना 'गुड मॉर्निंग'चे 'जीएम' करत असू, 'थँक्स'चे 'टीकेएस' आणि शेवटी रामराम म्हणून '७३' हा आकडा. आजची पोरे काय वेगळे करतात? मोबाइलवरच्या एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी १९८५ मध्ये लोकांची पोस्टकार्डे आणि टेलेक्स संदेश तपासून ती पुरेशी असल्याचे ठरवले, आणि ३ डिसेंबर १९९२ रोजी पहिला एसएमएस गेला. पण हे १६० इंग्रजी लिपीत. देवनागरीत लिहिले की तोच एसएमएस ७० अक्षरांत संपे, काना-मात्रा-वेलांट्या धरून. आपली मुले मराठी इंग्रजी अक्षरांत का लिहू लागली याचे एक कारण हे आहे, केवळ आळस नव्हे. सत्तर अक्षरांत 'चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद' म्हटले की एकोणतीस तिथेच गेली.

येथवर मी मुलांची बाजू घेतली. आता माझ्या हातून घडलेले सांगतो, कारण आखूड शब्दाने काय होते ते मी पाहिले आहे.

१९७८ ची गोष्ट. पावसाळ्यात जांबोटीकडचा एक शेतकरी खिडकीशी आला. अंगावर घोंगडे, हातात भिजलेल्या नोटा. त्याचा धाकटा भाऊ मुंबईत गिरणीत होता. आठवड्यापूर्वी त्याला 'आई अत्यवस्थ' अशी तार गेली होती. आता आई उठून बसली होती. त्याला कळवायचे होते : आई बरी आहे, तू येऊ नको, औषधाला पैसे पाठव. मी इंग्रजीत लिहून शब्द मोजले. त्याच्याजवळचे पैसे पुरेनात. परतीच्या बसचे भाडेही ठेवायचे होते. तो म्हणाला, "साहेब, तुमीच कमी करा काय ते." मी 'येऊ नको' काढले. 'स्टॉप' हा शब्द वाक्य तोडायला घालत असू, त्यालाही पैसे पडत, म्हणून तोही काढला. उरले चार शब्द : 'मदर बेटर सेंड मनी.'

माझ्या मनात त्याचा अर्थ स्वच्छ होता. आई बरी, पैसे पाठव. चाळीत ज्याने ती तार वाचली त्याने 'बेटर सेंड' एकत्र वाचले. आई… पैसे पाठवलेलेच बरे. आधीची तार अत्यवस्थ असल्याची, तेव्हा भावाने काय समजायचे ते समजले. त्याने व्याजाने पैसे काढले, डोक्यावरचे केस उतरवले आणि रात्रीच्या गाडीने निघाला. घरी पोचला तेव्हा आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. हे मला महिन्याभराने त्या थोरल्या भावानेच येऊन सांगितले. रागावला नाही. "एका सबदाचं पैसं मी घरनं आणून दिलं असतं की, साहेब," एवढेच म्हणाला. आई मुलाचे मुंडलेले डोके बघून रडली, हेही त्याने सांगितले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुणाच्याही तारेतला 'स्टॉप' काढला नाही. कमी पडले तर खिशातून घातले. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली. मला त्या दिवशी तोच भाऊ आठवला.

शब्द कापला तर चालतो. मात्र दोन्ही टोकांना पूर्ण रूप माहीत पाहिजे. एका टोकाला नसेल तर तो शब्द नसतो, सुरी असते.

माझी थोरली बहीण निपाणीला असते, वय ७९. तिला आम्ही अक्का म्हणतो. नातवंडांनी तिला मोबाइल शिकवला. कुणीतरी तिला 'एलओएल' म्हणजे 'लॉट्स ऑफ लव्ह', खूप माया, असे सांगितले होते. भाऊबंदांच्या ग्रुपवर एका घरच्या मयताची बातमी आली. सगळे 'आरआयपी' लिहीत होते. अक्काने मायेने 'एलओएल' लिहिले. त्याचा चालू अर्थ खळखळून हसणे. त्या घरच्या मुलाने दोन महिने तिच्याशी बोलणे टाकले आणि तिला कारणच कळेना. हीच चूक ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन करत होते, हे २०१२ मध्ये तिथल्या एका चौकशीत साक्षीतून जगाला कळले. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात 'एलओएल' आला तेव्हा त्याच्या नोंदीत एक जुना अर्थही दिला होता : 'लिटल ओल्ड लेडी', लहानखुरी म्हातारी बाई. हे मी अक्काला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "मग मी माझीच सही केली म्हण की." त्या मुलाला मी स्वतः जाऊन समजावले, आता बोलणे सुरू आहे. आणि 'आरआयपी' लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे की ते मूळ इंग्रजी नाही? लॅटिनमधले 'रेक्विएस्कात इन पाचे', तो शांत विसावो. इंग्रजी 'रेस्ट इन पीस' योगायोगाने त्याच अक्षरांत बसले.

दुसऱ्या टोकाचे अज्ञान मुलांकडे आहे, आणि ते मला अधिक लागते. मागच्या लग्नसराईत एक पत्रिका वाचताना नातीने विचारले, "आज्जा, हे मुपो कुठं आलं? सगळेच मुपोचे कसे?" मु. पो. म्हणजे मुक्काम पोस्ट, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ज्या घराने पोस्ट-तार खात्याचे मीठ खाल्ले त्या घरातली ही मुलगी. मग मी पानभर लिहून दिले. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ती. स्व. म्हणजे तीर्थस्वरूप. चि. सौ. कां. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री. अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. ता. क. म्हणजे ताजा कलम. तिने वाचले आणि म्हणाली, "म्हणजे तुमचं पण चॅट असंच होतं." होय, असेच होते. वडिलांना पत्र लिहिताना 'ती. स्व.' लिहायला एक सेकंद लागे, पण ते लिहिताना तीर्थ हा शब्द मनात पूर्ण उमटे. लग्नपत्रिका छापणारे अजून 'चि. सौ. कां.' छापतात, वधूलाच त्याचा अर्थ माहीत नसतो.

आपल्या गावाचेही तेच. आरपीडी क्रॉसवर रोज हजारो मुले उतरतात. 'आरपीडी' म्हणजे राणी पार्वती देवी, हे मी क्लासच्या बाहेर उभ्या असलेल्या पाच-सहा मुलांना विचारून पाहिले, एकालाच सांगता आले. आपल्या बोलीतही कात्री आहेच. 'काय करूलालास गा?' असे आपण सहज विचारतो. पुण्याचा पाहुणा हसतो. माझ्या कानाला त्यात 'काय करू लागला आहेस' हे अख्खे वाक्य ऐकू येते, चालून चालून गुळगुळीत झालेले. ते अशुद्ध नाही, वापरातले आहे. इंग्रजांनी 'गॉड बी विथ यी', देव तुझ्या पाठीशी असो, हे घासून 'गुडबाय' केले, तेव्हा त्यांना कुणी अशुद्ध म्हटले नाही.

एक शब्द मुद्दाम शेवटी ठेवला आहे. इंग्रजीत भ्रमिष्ट माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हे आपले नाशिकजवळचे देवळाली. तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. उकाडा, रिकामपण, आजार. काहींची डोकी फिरत. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला 'ताप'. देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला आणि नुसती देवळाली उरली. लंडनमध्ये आज कुणी 'डूलॅली' म्हणत असेल तर त्याला ठाऊक नसते की तो एका मराठी गावाचे नाव घेत आहे. आमच्या वहीत ही नोंद नातीने लाल शाईने लिहिली आहे.

आता विनंती. आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा, रविवारच्या पुरवणीत म्हणा, हातभर नव्हे तर वीतभर जागा द्यावी. चौकटीच्या एका बाजूला मुलांच्या तोंडी असलेला एक आखूड इंग्रजी शब्द : त्याचे पूर्ण रूप, तो कुठून आला, कुणाशी बोलताना चालतो आणि कुणाच्या मयताला चालत नाही. दुसऱ्या बाजूला आपल्या पत्रांतले, पत्रिकांतले, जुन्या खरेदीखतांतले एक मराठी लघुरूप आणि त्याचा उलगडा. भाषा सोपी ठेवावी, म्हणजे निपाणीची अक्काही वाचेल आणि नववीतली मुलगीही. खानापूर, निपाणी, चिकोडी, कडोली, येळ्ळूरच्या वाचकांकडूनच शब्द मागवावेत, लोक पाठवतील. येथे मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले कमी होत चालली आहेत हे आपण सारे बघतो. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, अशी मुले तीन भाषांतून शब्द उचलतात. त्यांना रागावून ती थांबणार नाहीत. अर्थ हातात दिला तर जपून वापरतील, असा माझा गेल्या चार आठवड्यांचा अनुभव आहे.

पहिल्या वीस चौकटींपुरते शब्द आमच्या वहीत तयार आहेत. नातीचे अक्षर चांगले आहे, ती स्वच्छ उतरवून देईल. मानधन नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त तार कर्मचारी,
वडगाव, बेळगाव

ता. क. पत्र टपालात टाकण्याआधी नातीला वाचायला दिले. 'के'चा परिच्छेद वाचून तिने सांगितले की मोर्समधला अर्थ तिने वर्गातल्या दोन मैत्रिणींना शिकवला आहे. काल मी तिला क्लास किती वाजता सुटतो असे विचारले. उत्तर आले, 'साडेसहा. के.' मग मी पुढे लिहिले.